तिरस्कार: आधी पडदा, मग भावना

ठाण्याच्या नौपाड्यात आमच्याच मजल्यावर राहणारी दहावीतली मुलगी विरुद्धार्थी शब्दांची वही घेऊन आली. "काका, प्रेमच्या विरुद्ध काय लिहू? एका गाइडमध्ये द्वेष दिलाय, दुसऱ्यात तिरस्कार." मी म्हटलं, बाईंनी जे शिकवलंय ते लिही, मार्क त्यांच्या हातात आहेत. ती खूश होऊन गेली. प्रश्न मात्र चांगला होता, आणि त्याचं उत्तर गाइडमध्ये मावणारं नाही.

हाताशी असलेला छोटा कोश उघडला तर गोंधळ वाढतोच. तिरस्कार म्हणजे घृणा, घृणा म्हणजे तिटकारा, तिटकारा म्हणजे किळस, आणि किळस म्हणजे पुन्हा घृणा. 'तीन पेट्रोल पंप' नावाच्या नाक्यावरून निघालेल्या रिक्षाने अख्खं नौपाडा फिरवून परत त्याच नाक्यावर उतरवावं, तसा प्रकार. खरं तर मराठी कानाला हे सगळे शब्द वेगवेगळे ऐकू येतात. नाल्यातल्या काळ्या पाण्याची किळस येते, त्याचा तिरस्कार येत नाही. भावकीतला माणूस आपला द्वेष करतो, जुगुप्सा करत नाही. रोज तीच भाजी डब्यात आली की तिचा वीट येतो. तिची घृणा येते असं म्हणणारा माणूस अनुवादित मालिका जास्त बघत असावा. हा फरक कुणी शिकवलेला नसतो, तरी चुकत नाही. तो कुठून आला हे पाहायचं तर शब्दांच्या मुळाशी जावं लागतं. ज्यांना स्वतः शोधायचं असेल त्यांच्यासाठी ठाण्यात १८९३ सालापासून चालू असलेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तोपर्यंत ही माझी शिदोरी.

सुरुवात तिरस्कारापासूनच करू, कारण त्याची कुळकथा सगळ्यांत रंजक आहे.

संस्कृतात 'तिरस्' नावाचं एक अव्यय आहे. त्याचा जुना अर्थ आरपार, पलीकडे, आडवं. जे आडवं येतं ते मागचं दिसू देत नाही, म्हणून पुढे त्याला 'नजरेआड' असाही अर्थ आला. या 'तिरस्'पुढे वेगवेगळे धातू बसवले की शब्दांचं एक कुटुंबच तयार होतं. तिरोहित म्हणजे दिसेनासा झालेला. तिरोधान म्हणजे अदृश्य होणं. तिर्यक् म्हणजे आडवा. पशूंना संस्कृतात तिर्यक् म्हणतात ते ती माणसासारखी उभी न चालता आडव्या अंगाने चालतात म्हणून. शैव मतात शिवाची पाच कामं सांगितली आहेत: सृष्टी, स्थिती, संहार, तिरोभाव आणि अनुग्रह. त्यातलं चौथं काम म्हणजे आपलं खरं रूप जिवापासून झाकून ठेवणं. कौपिनेश्वराच्या देवळातला कुणी भक्त 'देव माझा तिरस्कार करतो' असा त्याचा अर्थ लावणार नाही, पण तिरोभाव आणि तिरस्कार हे सख्खे भाऊ आहेत. 'तिरस्' अधिक 'कृ', म्हणजे आड करणं, झाकणं, बाजूला सारणं. मुळात एवढंच. यात राग नाही, किळस नाही, वैर नाही. तिरस्कार ही जन्माने भावना नव्हेच. ती एक कृती आहे.

याचा ढळढळीत पुरावा म्हणजे 'तिरस्करिणी' हा शब्द. त्याचा अर्थ तिरस्कार करणारी बाई असा वाटेल, पण अर्थ आहे पडदा. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त, पहिल्याच सर्गात, हिमालयाचं वर्णन आहे. गुहेत किन्नर जोडपी आहेत, वस्त्र ओढलं गेल्यामुळे स्त्रिया लाजल्या आहेत, आणि तेवढ्यात गुहेच्या दारापाशी लोंबणारे ढग त्यांच्यासाठी 'तिरस्करिणी' होतात. जुलैत येऊरच्या डोंगरावर ढग टेकलेले ज्याने पाहिले आहेत त्याला ही कल्पना समजावून सांगायला नको. त्याच कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'त उर्वशी तिरस्करिणी विद्येने अदृश्य होऊन राजाच्या जवळ येऊन उभी राहते आणि त्याचं बोलणं ऐकते. ज्या राजावर तिचं मन जडलं आहे त्याच्यापासून ती 'तिरस्कृत' आहे, म्हणजे झाकलेली आहे. भाषेने थोडं वेगळं वळण घेतलं असतं तर गडकरी रंगायतनमध्ये तिसऱ्या घंटेनंतर 'तिरस्करिणी वर गेली' असं आपण म्हटलं असतं आणि कुणाला काही वावगं वाटलं नसतं.

दुसरा पुरावा काव्यशास्त्रातला. नाव लांबलचक आहे, पण गोष्ट रोजचीच. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन नावाचा थोर पंडित होऊन गेला. शब्दांतून न बोललेला अर्थ कसा ऐकू येतो, याचा त्याने सिद्धान्त मांडला. त्यातल्या एका प्रकाराचं नाव 'अत्यंततिरस्कृतवाच्य'. वाच्य म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ. तो जिथे पूर्णपणे बाजूला सारला जातो, तो हा प्रकार. स्टेशनबाहेर रिक्षावाला भाडं नाकारतो आणि आपण म्हणतो, "फार उपकार झाले हो तुमचे!" इथे 'उपकार' या शब्दाचा सरळ अर्थ तिरस्कृत झाला. कुणी त्या अर्थाचा दुस्वास केलेला नाही. त्याला फक्त दाराबाहेर ठेवलं आहे. पुढच्या काळात मम्मट या दुसऱ्या काश्मिरी पंडिताने या प्रकाराचं जे उदाहरण दिलं आहे तेही नेमकं असंच, अपकार करणाऱ्याला 'किती उपकार केलेत' म्हणणारं. हजार वर्षांपूर्वीचा काश्मिरी पंडित आणि ठाण्याचा प्रवासी यांच्या टोमण्यात फारसा फरक नाही, हे मला फार आवडतं.

मग आड करण्याची ही कृती भावना कशी झाली? वाट अवघड नाही. वस्तू झाकली की ती दिसत नाही. माणूस समोर असूनही त्याला नसल्यासारखं वागवलं की तो झाकल्यासारखाच झाला. त्याच्या बोलण्याकडे लक्ष न देणं, नमस्काराला उत्तर न देणं, पंगतीत वाढताना त्याला वगळून पुढे जाणं. संस्कृतात तिरस्काराला आधी अवमान आणि उपेक्षा हा अर्थ चिकटला तो असा. ज्या मनाने हे करायचं, ते मनही हळूहळू त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. मराठीत हा जुना धागा अजून तुटलेला नाही. भयंकर नावडत्या माणसाबद्दल आपण काय म्हणतो? त्याचं तोंडसुद्धा पाहायचं नाही. तो डोळ्यांसमोर नको. त्याचं नाव काढू नकोस. सगळी भाषा दिसण्या-न दिसण्याची.

ग्रीक विचारवंत अॅरिस्टॉटल याने राग आणि वैर यांतला फरक सांगताना एक मार्मिक गोष्ट म्हटली आहे. रागावलेल्या माणसाला वाटतं की समोरच्याला दुःख व्हावं, त्याला कळावं. वैर धरणाऱ्याला वाटतं की समोरचा नसावाच. राग काळाने ओसरतो, वैर ओसरत नाही. राग व्यक्तीवर असतो, वैर अख्ख्या जमातीवर धरता येतं. 'तिरस्' या अव्ययाची त्याला गंधवार्ता नसणार, पण बोट बरोबर तिथेच ठेवलं आहे: नाहीसं करणं.

आणखी एक बारकावा. तिरस्काराला उतार लागतो. पडदा टाकण्याची सोय ज्याच्या हातात आहे तोच टाकू शकतो. ऑफिसातला शिपाई साहेबाचा द्वेष करू शकतो. साहेबाला शिपायाचा द्वेष करायचं कारणच पडत नाही, तो तिरस्कारावर भागवतो. आजच्या मराठीत दोन्ही शब्द दोन्ही दिशांना वापरलेले दिसतात आणि त्याला चूक म्हणण्याचा माझा अधिकार नाही. पण लिहिताना मला अजून हा उतार जाणवतो.

येते की करतो?

हे झालं शब्दाबद्दल. मराठीने यापुढे जाऊन एक सोय करून ठेवली आहे, ती शब्दात नसून त्याच्या मागे येणाऱ्या क्रियापदात आहे. भावनांना मराठी मुख्यतः तीन क्रियापदं लावते: येणे, वाटणे, करणे.

किळस येते. वीट येतो. शिसारी येते. उबग येतो. चीड येते. या सगळ्या वाक्यांत मी 'मला' होऊन बसलेला आहे. भावना बाहेरून आली, माझा काही दोष नाही. उबग हा शब्द संस्कृत 'उद्वेग'वरून आला आहे, आणि उद्वेगात 'विज्' धातू आहे, म्हणजे थरथरणं, दचकणं. आतून काहीतरी ढवळून वर येतं ते. त्याला 'येणे' हेच क्रियापद शोभतं.

आता 'द्वेष' घ्या. 'मला त्याचा द्वेष येतो' असं कुणी म्हणतं का? मी तरी ऐकलेलं नाही. द्वेष करावा लागतो. 'मी' कर्ता होऊन पुढे यावं लागतं.

गंमत 'राग'ची आहे, कारण तो दोन्हीकडे चालतो, आणि क्रियापद बदललं की अर्थ पार बदलतो. 'मला तिचा राग आला' म्हणजे अर्ध्या तासाची गोष्ट. चहा झाला की विसरलो. 'ती सुनेचा राग करते' म्हणजे वर्षानुवर्षांचा कारभार. 'रागराग करते' म्हटलं तर सुनेने माहेरी निघून जावं इतकं. एका 'आला'च्या जागी 'करते' ठेवल्याने क्षणाची उसळी ही कायमची नावड झाली.

तिरस्कारालाही दोन क्रियापदं लागतात, करणे आणि वाटणे. 'तिरस्कार करणे' हे मूळचं, कारण तो शब्दच कृतीचा; त्यातला 'कार' म्हणजे करणंच. 'तिरस्कार वाटणे' हे नंतर जोडलं गेलेलं, भावनेचा अर्थ पक्का झाल्यावरचं. म्हणजे शब्दाचा सगळा प्रवास त्याच्या दोन क्रियापदांत जपलेला आहे. दहावीच्या मुलांना विरुद्धार्थी शब्द पाठ करायला लावण्यापेक्षा 'येते की करतो' एवढं विचारलं तरी निम्मं काम होईल, असं माझं मत आहे. पण अभ्यासक्रम ठरवणारे मला विचारायला येत नाहीत.

पोटातली नावड

किळस, शिसारी, ओकारी हा गट पोटाचा. संस्कृतात याला जुगुप्सा म्हणतात, आणि शाळेत नवरस पाठ करताना आपण जो बीभत्स रस घोकतो त्याचा स्थायीभाव, म्हणजे त्यामागची मूळ भावना, जुगुप्साच. भरताच्या नाट्यशास्त्रात या रसाचा रंग नीळा सांगितला आहे आणि देवता महाकाल.

दोन्ही शब्दांची घडण एकसारखी आहे, आणि ती पाणिनीने सूत्रांत बांधलेली आहे. संस्कृतात धातूचं पहिलं अक्षर दुहेरी करून 'सन्' प्रत्यय लावला की साधारणपणे 'करण्याची इच्छा' असा अर्थ होतो. जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, पिपासा म्हणजे पिण्याची. त्याच साच्यात 'गुप्' म्हणजे राखणं, लपवणं हा धातू घातला की जुगुप्सा होते. स्वतःला एखाद्या गोष्टीपासून राखावंसं, लपवावंसं वाटणं. गुप्त, गोपनीय हे त्याचेच सोयरे, आणि हा 'गुप्' धातू मुळात 'गोप' या शब्दापासून, म्हणजे गाई राखणाऱ्यापासून, निघाला असं भाषेचे अभ्यासक मानतात. गुराख्यापासून किळसेपर्यंतचा हा रस्ता कुणी सांगितला नसता तर खरा वाटला नसता. बीभत्स हा 'बाध्' धातूचा. दूर लोटावंसं वाटणं. महाभारतात अर्जुनाचं एक नाव बीभत्सु आहे. विराटपर्वात तो स्वतःच त्याचं कारण देतो: युद्धात मी कधी बीभत्स कर्म केलं नाही म्हणून.

तेव्हा तिरस्कारात समोरच्यावर पडदा टाकायचा असतो, जुगुप्सेत आपणच मागे सरायचं असतं. दिशा उलट, अंतर तेवढंच.

किळस मुळात चवीशी आणि खाण्याशी बांधलेली आहे, हे चार्ल्स डार्विनने १८७२ साली लिहिलं. नाक मुरडतं, वरचा ओठ वर जातो, जीभ बाहेर येते; नको ते तोंडातून बाहेर काढायची ही तयारी. 'नाक मुरडणे' हा वाक्प्रचार मराठीत जो रुळला तो उगाच नव्हे. पुढच्या शतकात पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग करून पाहिले. फळांच्या रसात निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ बुडवून काढलं, तर आता त्यात जंतू नाहीत हे पटूनही लोक तो रस प्यायला नकार देतात. गडकरीजवळच्या ठेल्यावर उसाचा रस पिताना हे वाचू नये, इतकंच सांगतो. मुद्दा असा की किळस शहाणपणाचं ऐकत नाही. एकदा शिवलं की शिवलं.

आणि नेमकी इथेच ती धोक्याची होते. डार्विननेच आपला एक अनुभव नोंदवला आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फुएगोमध्ये, तो डब्यातलं थंड मांस खात होता. तिथल्या एका रहिवाशाने त्या मांसाला बोट लावलं, ते मऊ लागताच त्याला किळस आली. आणि त्या उघड्या माणसाचं बोट लागलं म्हणून डार्विनला किळस आली. वर तो प्रांजळपणे लिहितो की त्याचे हात काही घाणेरडे दिसत नव्हते. पहिली किळस वस्तूची होती. दुसरी माणसाची.

महाराष्ट्राला हे समजायला तिएरा देल फुएगोपर्यंत जावं लागत नाही. आपल्याकडे त्याला विटाळ म्हणत. चौदाव्या शतकातल्या सोयराबाईंनी एका अभंगात विचारलं आहे की देहाचा विटाळ देहातच जन्मतो, तर मग सोवळा कोण? युक्तिवाद असा की त्याला उत्तर नाही, आणि सहाशे वर्षं कुणी दिलंही नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतलं, तेव्हा त्यानंतर तळं 'शुद्ध' करण्यासाठी गोमूत्र-शेणाचा विधी झाला. रोझिनच्या रसातलं झुरळ निदान खरं तरी होतं. इथे करायचा होता तिरस्कार, म्हणजे माणसांना आड ठेवायचं होतं, आणि तो 'येणाऱ्या' किळसेच्या नावावर खपवला गेला. 'आम्ही करत नाही, आम्हाला वाटतं' ही पळवाट जुनी आहे. आजही एखाद्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या बायकांना वेगळी लिफ्ट दाखवली जाते तेव्हा कारण स्वच्छतेचं दिलं जातं.

उलटलेले शब्द

काही शब्दांनी अर्थाची कूसच बदलली आहे. यातला सगळ्यांत मोठा दगाबाज म्हणजे 'घृणा'. पेपरात आपण रोज 'निर्घृण हत्या' वाचतो. घृणा म्हणजे किळस किंवा तिरस्कार असेल तर निर्घृण म्हणजे तिरस्कार नसलेला. मग ती हत्या प्रेमाने केली म्हणायची? उत्तर असं की संस्कृतात घृणेचा अर्थ दया. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात करुणेच्या पर्यायांत घृणा आहे. त्याच्याही मागे ऊब, उष्णता हा अर्थ आहे. सूर्याच्या मंत्रात 'घृणि' येतं ते तेजासाठी. ऊब, मग मनाची ऊब, मग दया. निर्घृण म्हणजे जिथे ही ऊब नाही. अमरकोशानेच दुसरीकडे घृणेचे दोन अर्थ नोंदवले आहेत, जुगुप्सा आणि करुणा, म्हणजे त्या काळीच शब्दाला दुसरी बाजू फुटली होती. दुसऱ्याची जखम बघून जीव कळवळतो, आणि तीच जखम बघून आपण मान फिरवतो. दोन्ही एकाच क्षणी घडतं. शब्द बहुधा तिथेच घसरला असावा. मराठीत घृणा एकीकडे गेली, निर्घृण जुन्याच घरी राहिला.

'राग' तर आपल्या नाकाखाली उलटला. हा 'रंज्' धातूचा. रंग, रंजन, रक्त, अनुरक्त, विरक्त, वैराग्य हे सगळे त्याचेच. संस्कृतात राग म्हणजे रंगणं, लाली, ओढ, आसक्ती. म्हणून गीतेत 'रागद्वेषवियुक्तैस्तु' येतं तेव्हा ती दोन विरुद्ध टोकं आहेत: ओढ आणि नावड. मराठी श्रोता कीर्तनात बसून त्याचा अर्थ 'राग आणि द्वेष' असा लावतो आणि दोन्ही एकाच पारड्यात टाकतो. लाली डोळ्यांत उतरली आणि मराठीत राग म्हणजे कोप झाला, हे स्पष्टीकरण मला पटतं. 'अनुराग' मात्र वाचला. गाण्यातला रागही वाचला.

तिसरा 'मत्सर'. षड्रिपूंच्या यादीत मद आणि मत्सर शेजारी बसतात, आणि ते शेजारी नुसते यमकासाठी नाहीत, दोन्ही 'मद्' धातूचे. ऋग्वेदात मत्सर हे सोमरसाचं विशेषण आहे: धुंद करणारा, उल्हास देणारा. पुढे उल्हास गेला आणि जळफळाट उरला.

नफरत आपली नाही, हिंदी सिनेमातून आलेली आहे, पण तिचं मूळ बघण्यासारखं आहे. अरबी न-फ-र या मुळाचा अर्थ बुजून पळणं. म्हणजे तिथेही आधी पाय हलले, मन नंतर.

कोर्टात उभा राहिलेला शब्द

द्वेषाची सगळ्यांत सुटसुटीत व्याख्या पतंजलीच्या योगसूत्रात आहे: दुःखानुशयी द्वेषः. दुःख झालं, ते गेलं, आणि त्याच्या मागे जे तळाशी बसून राहिलं तो द्वेष. त्याच्या आधीचं सूत्र रागाचं: सुखानुशयी रागः. इथेही राग म्हणजे ओढच.

पण द्वेष आणि त्याच्या भावंडांचा सगळ्यांत महागडा अर्थ लावला गेला तो मुंबईच्या हायकोर्टात. १८७० साली भारतीय दंड संहितेत कलम १२४-अ आलं. सरकारविषयी लोकांच्या मनात एक विशिष्ट भावना उत्पन्न करणं हा गुन्हा ठरला. या भावनेला कायद्याच्या मराठीत 'अप्रीती' म्हणतात. पोलिसांबद्दलच्या १९२२ च्या कायद्याच्या मराठी नावात हा शब्द अजून आहे आणि बातम्यांत अधूनमधून दिसतो. १८९७ मध्ये 'केसरी'तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर या कलमाखाली खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे फक्त प्रीतीचा अभाव. आणि पुढे यादी दिली: द्वेष, वैर, नावड, शत्रुभाव, तिरस्कार, सगळ्या तऱ्हेचं वाईट चिंतणं. म्हणजे ज्या छटा वेगळ्या करण्यासाठी हा सगळा लेख चालला आहे, त्या त्यांनी एका दमात एकाच पोत्यात भरल्या. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

या व्याख्येतली अडचण 'येणे-करणे'च्या फूटपट्टीने लगेच दिसते. प्रीती नसणं ही कुणी केलेली गोष्ट नाही. लाखो ठाणेकरांना कळवा पुलावरच्या वाहतुकीबद्दल प्रीती नाही. त्यासाठी कुणाला तुरुंगात टाकता येईल का? पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलमाची शब्दरचना बदलून द्वेष आणि तिरस्कार हे शब्द स्पष्टपणे घातले गेले. १९०८ मध्ये टिळक पुन्हा त्याच कोर्टात उभे राहिले. या वेळी स्वतःची बाजू स्वतः मांडताना त्यांनी बराच वेळ एका गोष्टीवर दिला: 'केसरी'तल्या मराठी शब्दांची सरकारी भाषांतरं चुकीची आहेत. कुठल्या मराठी शब्दाला किती धार आहे, यावर एका माणसाची सहा वर्षं अवलंबून होती. ती मंडालेत गेली.

स्वातंत्र्यानंतर १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम टिकवलं, पण आवळलं: नुसती नावड किंवा कडक टीका पुरेशी नाही, हिंसेला किंवा सार्वजनिक अशांततेला चिथावणी हवी. म्हणजे भावना नाही, कृती. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १९६ मध्ये धर्म, भाषा, जात अशा कारणांवरून गटागटांत शत्रुत्व वाढवणं हा गुन्हा आहे. जुन्या १५३-अ चं हे नवं घर. तिथेही मोजायचं आहे ते 'वाढवणं', म्हणजे करणं.

बोलीतल्या माणसाला यातलं काही लागत नाही. तो 'पाण्यात पाहतो' म्हणतो, 'नावडतीचं मीठ अळणी' म्हणतो आणि मोकळा होतो. ही म्हण तर इतकी चपखल आहे की तिच्यापुढे पतंजलीही थोडा फिका पडावा: मीठ चाखण्याच्या आधीच चव ठरलेली आहे. हल्ली घोडबंदर रोडवरच्या कॉलेजातली मुलं 'मी त्याला हेट करते' म्हणतात. शब्द परका, पण क्रियापद त्यांनी अचूक निवडलं आहे, 'करते'. त्याहून रंजक आहे ते त्यांचं दुसरं वाक्य: 'तो माझ्या डोक्यात जातो.' इथे भावना येतही नाही आणि कुणी करतही नाही. वाक्याचा कर्ता आहे तो नावडता माणूस. जायचं काम त्याने केलं, डोकं तेवढं माझं.